पहाटे पाचचं पाणी : एका बालगृहातलं प्रकरण

पश्चिम महाराष्ट्रातल्या साखर कारखान्यांच्या पट्ट्यातलं मुलांचं बालगृह, म्हणजे काळजी आणि संरक्षणाची गरज असलेल्या मुलांना ठेवण्याची संस्था. त्या हंगामात चाळिसेक मुलं होती, ६ ते १८ वयाची. अधीक्षक मॅडम नव्याने रुजू झालेल्या. हाताखाली परिविक्षा अधिकारी (मुलाच्या घरची चौकशी आणि पाठपुरावा करणारे), समुपदेशक, दिवसाचे दोन काळजीवाहक, रात्रीचे एक, स्वयंपाकाच्या मावशी आणि गेटवरचा पहारेकरी. कागदावर रात्रीच्या काळजीवाहकांची पदं दोन, पण त्यातलं एक बरेच महिने रिकामं. प्रकरणाचं मूळ या रिकाम्या पदात होतं. ते उशिरा लक्षात आलं, कारण तोवर सगळ्यांची बोटं एका अकरा वर्षांच्या मुलाकडे होती.

बाल न्याय कायदा, २०१५ च्या कलम ७४ नुसार बालगृहातल्या अशा मुलाची ओळख पटेल असं काहीही प्रसिद्ध करता येत नाही. शिक्षा सहा महिन्यांपर्यंत कैद, दोन लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. म्हणून इथे नावं नाहीत, काही तपशील बदलले आहेत, आणि एकाहून अधिक संस्थांमध्ये पाहिलेलं एकत्र आणलं आहे. मी अशा संस्थांत कर्मचाऱ्यांच्या प्रशिक्षणासाठी जाते. या प्रकरणाकडेही मी त्याच बाजूने पाहिलं.

मुलगा बीडकडचा, ऊसतोड कुटुंबातला. दिवाळीनंतर आई-बाप कोयता घेऊन निघाले तेव्हा तोही टायरगाडीतून आला. शाळा गावाकडे राहिली. उसाच्या फडाजवळच्या कोपीत, म्हणजे पाचटाच्या झोपडीत, काही महिने काढले आणि मग एका रात्री जे झालं त्यानंतर तो रेल्वे स्टेशनवर सापडला. कायद्याप्रमाणे चोवीस तासांच्या आत बाल कल्याण समितीपुढे (अशा मुलांबद्दल निर्णय घेणारी जिल्ह्याची समिती) उभा केला गेला आणि बालगृहात आला. त्या रात्री काय झालं ते त्याच्या फाईलमध्ये आहे आणि इथे त्याची गरज नाही. एवढं पुरे की त्याला अंधारात, झोपेतून, पांघरूण खेचून उठवलं गेलं होतं.

बालगृहात त्याची वागणूक अशी. रात्री बहुतेक वेळा अंथरूण ओलं. गादीखाली पोळीचे तुकडे, कधी भात मुठीत वळून ठेवलेला. दिवसा वर्गात गप्प, खेळात बरा, कॅरममध्ये तर उत्तम. आणि पहाटे मारामारी. उठवायला येणाऱ्याला लाथा, बोचकारे, शिव्या. एकदा त्याच धुंदीत भिंत चढून बाहेर पडला. पहारेकऱ्याने कोपऱ्यावरच्या चहाच्या टपरीवरून परत आणला. कर्मचाऱ्यांचं निदान तयार होतं: ‘माजलाय’, ‘स्टेशनवरचं पोरगं, सराईत असणार’, ‘मॅडमनी फार लाडावलंय’. दिवसाचे काळजीवाहक म्हणत, आमच्याकडे तर नीट वागतो. हे खरंही होतं, पण आमच्या पाळीत का नाही आणि पहाटेच का, हे कुणी विचारलं नव्हतं.

मग एका पहाटे रात्रपाळीच्या काकांनी नेहमीप्रमाणे पांघरूण ओढलं. मुलाने त्यांच्या मनगटाच्या वर कडकडून चावा घेतला. काकांनी बाकीच्या मुलांसमोर त्याच्या दोन थोबाडीत मारल्या. गालावर वळ उठले. रात्रीच्या नोंदवहीत त्या दिवशीची ओळ: ‘सर्व ठीक.’

मॅडमना हे काकांकडून कळलं नाही, मुलाकडूनही नाही. नाश्त्याच्या वेळी बालगृहातल्या मोठ्या मुलांच्याच बालसमितीतल्या एकाने पोह्यांची ताटली पुढे करता करता मावशींना सांगितलं आणि मावशींनी मॅडमना. तक्रारपेटी व्हरांड्यात टांगलेली होतीच, कुलूप लावून. कुठल्याही बालगृहात मुलं आधी स्वयंपाकघरात बोलतात. तरीही टीमच्या बैठकीला मावशींना बोलावत नाहीत, ही आपल्याकडची जुनी सवय आहे.

आधी कायदा, मग समजूत

इथे नेतृत्वाची पहिली कसोटी होती. ‘ट्रॉमा-इन्फॉर्म्ड केअर’चं, म्हणजे मनावरचा आघात (ट्रॉमा) लक्षात घेऊन काळजी घेण्याचं, प्रशिक्षण घेतलेल्या लोकांकडूनच मी ऐकलं आहे की अशा वेळी कर्मचाऱ्यालाही समजून घ्यावं, घरातली गोष्ट घरात मिटवावी. मला हे साफ चूक वाटतं. बालगृहातल्या कर्मचाऱ्याने शिस्त म्हणून मुलाला मारणं हा कलम ८२ खाली गुन्हा आहे. पहिल्या वेळी दहा हजारांचा दंड. पुन्हा केलं तर तीन महिन्यांपर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही. आणि दोषी ठरलेल्याला नोकरीवरून काढता येतं, पुढे मुलांमध्ये थेट काम करण्याचीही मनाई होते. पण कायदा बाजूला ठेवला तरी चाळीस मुलं बघत होती. मोठ्यांनी मारलं की मोठेच ते झाकतात, हे त्यातल्या बहुतेकांना घरूनच ठाऊक होतं. तेच इथे पुन्हा दिसलं असतं, तर पुढे समुपदेशकाने खोलीत बसून कितीही विश्वासाच्या गोष्टी केल्या असत्या, काही उपयोग नव्हता.

मॅडमनी त्याच दिवशी मुलाची वैद्यकीय तपासणी करवली, बाल कल्याण समितीला आणि जिल्हा बाल संरक्षण कक्षाला लेखी कळवलं, काकांना मुलांशी संबंध येणाऱ्या कामावरून बाजूला केलं. आणि संध्याकाळी मुलांना एकत्र बसवून सांगितलं, की सकाळी मारणं झालं, ते चूक होतं, मी समितीला कळवलं आहे, चौकशी होईल. पाच वाक्यं. काकांबद्दल वाईट बोलणं नाही, मुलाला उभं करून माफी मागणं-मागवणं नाही.

त्याच दिवशी त्यांनी आणखी एक गोष्ट केली, तिची चर्चा कमी झाली. काकांना स्वतः जिल्हा रुग्णालयात नेलं. माणसाचा चावा पटकन चिघळतो. जखम धुतली, धनुर्वाताचं इंजेक्शन दिलं, गोळ्या घेतल्या. ही दुखापत कामावर असताना झाली अशी नोंद केली. रिक्षात काका म्हणाले, “इतकी वर्षं झाली, याआधीही दोनदा चावलेत मला. कुणी विचारलं नाही.” मॅडमनी त्यावर तक्रार मागे घेण्याचं आश्वासन दिलं नाही, उपदेशही केला नाही. दुसऱ्या दिवसापासून निम्मी टीम मॅडमशी कामापुरतंच बोलू लागली. बैठकीत दिवसाच्या काळजीवाहकाने सरळ विचारलं, “पोरांचा ट्रॉमा, पोरांचा ट्रॉमा. आमचा कोण बघतो, मॅडम?” आमची पोरं आम्ही हाणूनच वाढवली, हेही आलं. ते येतंच.

अमेरिकेतल्या मानसोपचारतज्ज्ञ सॅन्ड्रा ब्लूम यांनी संस्थांबद्दल एक निरीक्षण मांडलं आहे. जिथे आघात झालेल्या माणसांबरोबर रोज काम चालतं तिथे हळूहळू संस्थाच तशी वागू लागते: सतत सावध, लवकर भडकणारी, आतलं बाहेर न सांगणारी. ‘सर्व ठीक’ लिहिणारी नोंदवही आणि गादीखाली भात लपवणारा मुलगा एकाच छताखाली होते. दोघांनाही खरं काय ते उघड करणं धोक्याचं वाटत होतं.

दोन रात्री

काका बाजूला झाल्यावर रात्रपाळी कोण करणार? दिवसाच्या एका काळजीवाहकाची पाळी बदलली, आणि पहिल्या दोन रात्री मॅडम स्वतः ऑफिसात झोपल्या. कारण व्यवस्थेचं होतं, निरीक्षणाचं नव्हतं. पण पाहायचं ते त्या दोन पहाटेंतच दिसलं.

नगरपालिकेचं पाणी पाच वाजता येतं आणि साडेसहाला जातं. टाकी लहान, न्हाणीघरात चार नळ. शाळेत सातला हजर व्हायचं. म्हणजे चाळीस मुलांनी दीड तासात अंघोळी आटपायच्या, आणि एकट्या माणसाने पाऊण तासात चाळीस मुलं उठवायची. आवाज देऊन उठली नाहीत तर ट्यूबलाइट लावायची, तरी नाही तर पांघरूण ओढायचं, तरी नाही तर पाय धरून हलवायचं. ही काकांची क्रूरता नव्हती. ती पद्धत होती, काकांच्या आधीपासूनची. काका तर आठवड्याचे सातही दिवस रात्रीला होते, दुसरं पद रिकामं म्हणून. सुट्टी घेतली तर पहारेकऱ्याला आत झोपावं लागे.

आणि तो मुलगा दाराजवळच्या कोपऱ्यातल्या खाटेवर. नवा आलेला म्हणून उरलेली खाट त्याला. सगळ्यांत आधी उठवला जाणारा तोच, कारण दारातून आत शिरल्यावर पहिला तोच लागतो. साडेचारच्या सुमाराला तो आपोआप जागा होई, दाराकडे तोंड करून पडून राही, आणि चाहूल लागली की अंग आवळून घेई. हे पहिल्यांदाच कुणीतरी पाहिलं. अर्धवट झोपेत शरीर आधी धोका ओळखतं, विचार मागून येतो. ज्याला एकदा तसंच उठवून हादरवलं आहे त्याचे हात-पाय आधी चालतात. चावताना समोर काका आहेत हे त्याला कळत तरी होतं का, मला शंका आहे.

ऑफिसच्या भिंतीवर कुठल्याशा कार्यशाळेतलं पोस्टर होतं. अमेरिकेच्या ‘साम्सा’ या मानसिक आरोग्य आणि व्यसनांवर काम करणाऱ्या सरकारी संस्थेने २०१४ मध्ये मांडलेली सहा तत्त्वं: सुरक्षितता, विश्वास आणि पारदर्शकता, समवयस्कांचा आधार, सहकार्य, निवडीचा आणि आवाजाचा अधिकार, आणि संस्कृती, इतिहास व लिंगभाव यांचं भान. तत्त्वं उत्तम आहेत, मीही तीच शिकवते. पण या मुलाची सुरक्षितता नळाच्या वेळेत, खाटेच्या जागेत आणि ड्युटी चार्टमध्ये अडकली होती. या तिन्हींवर समुपदेशकाचा काडीचा अधिकार नसतो, अधीक्षकाचा असतो. आघाताचं काम म्हणजे समुपदेशकाचं काम, बाकीच्यांनी फक्त प्रेमाने वागायचं, अशी जी वाटणी आपण करून ठेवली आहे ती मला म्हणूनच पटत नाही. समुपदेशक आठवड्यातून तासभर भेटते. रात्रपाळीचा काळजीवाहक, सगळ्यांत कमी मानधनावरचा, कमीत कमी प्रशिक्षणाचा माणूस, मुलाला सगळ्यांत भित्र्या अवस्थेत भेटतो.

काय बदललं

पाण्याचं आधी. लहान गटाच्या अंघोळी संध्याकाळी, खेळून आल्यावर. त्यासाठी पाणी साठवायला आणखी एक टाकी हवी होती. ती एका देणगीदाराकडून आली. (देणगीदारांना वाढदिवसाचा केक कापायचा असतो, मुलांना रांगेत बसवून फोटो हवा असतो. मॅडमनी फोटो बंद केले, कलम ७४ पुढे करून, आणि यादी हातात ठेवली: टाकी, चादरी, डबे. दोघे-तिघे नाराज होऊन गेले. टाकीवाले राहिले.) आता पहाटे निम्मीच मुलं उठवायची. उठवण्याची रीत ठरली: आधी व्हरांड्यातला दिवा, मग दारातूनच नाव घेऊन हाक, मग मोठ्या मुलांपैकी एकाने रेडिओ लावायचा. खाटेजवळ जायचं तर पायाकडून, दिसेल असं, बोलत. अंगाला हात लावायचा नाही, पांघरुणालाही नाही.

या मुलाला विचारलं की तुला कुठली खाट हवी. त्याने दोन दिवस उत्तर दिलं नाही. मग भिंतीला टेकलेली, दार समोर दिसेल अशी, आतली खाट दाखवली. ती ज्याची होती त्या मोठ्या मुलाने बदल्यात कॅरमबोर्डाची चावी मागितली आणि मिळवली.

अन्नाचं प्रकरण मावशींनी सोडवलं. जप्ती होत होती तोवर मुलगा अधिक लपवत होता. गादीत मुंग्या, उंदीर. मावशी म्हणाल्या, त्याला घट्ट झाकणाचा स्टीलचा डबा द्या, त्यात रोज रात्री मी शेंगदाणे-गूळ घालते, त्याचा त्यानेच कधीही खावा. दिवसाच्या काळजीवाहकाचा आक्षेप रास्त होता, की मग सगळेच मागतील. सगळ्यांनी मागितलेच, आणि सगळ्यांना दिले. पहिला आठवडाभर तो डबा रात्रीत रिकामा व्हायचा. पुढे सकाळी निम्मा उरू लागला. आणखी काही आठवड्यांनी तो डब्यातलं इतरांना वाटून बदल्यात कॅरमचे डाव मिळवू लागला, म्हणजे व्यवहार सुरू झाला.

अंथरूण ओलं होण्याचं मात्र नुसतं ‘भीतीमुळे’ म्हणून सोडलं नाही. लघवीची तपासणी करवली. संसर्ग निघाला, औषध झालं, आणि त्यानंतर प्रमाण कमी झालं, पूर्ण थांबलं नाही. आघाताचा चष्मा एकदा डोळ्यांवर चढला की सगळंच त्यातून दिसायला लागतं, आणि साधा आजार नजरेतून सुटतो. ओल्या चादरी मुलांनी स्वतः सगळ्यांसमोर धुवायच्या ही जुनी रीत बंद झाली. न्हाणीघराच्या मागे एक बादली, तीत टाकायच्या, कुणी काही बोलायचं नाही.

टीमसाठी दोन गोष्टी केल्या, त्यातली एक जमली आणि एक अर्धवट राहिली. जमली ती पाळी बदलतानाची पंधरा मिनिटं. संध्याकाळी साडेसातला आणि सकाळी साडेसातला, उभ्या-उभ्या, चहाबरोबर, मावशींसह. काय झालं, त्याच्या आधी काय झालं होतं, कशाने निवळलं, एवढंच. नोंदवहीत डोळ्यांनी पाहिलं ते लिहायचं, स्वभावाचे दाखले नाहीत. नव्या रात्रपाळीतली एक नोंद माझ्यासमोर आहे: ‘४.४० ला उठून बसला. दाराकडे बघत होता. मी दारातूनच म्हटलं, मी आहे, अजून वेळ आहे. पाणी मागितलं, दिलं. ५.१० ला पुन्हा झोपला. ६ ला हाकेवर उठला.’ लिहिणारे हेच गृहस्थ बैठकीत ‘आमचा कोण बघतो’ म्हणाले होते.

याच बैठकांमध्ये एक प्रश्न वारंवार आला: त्याच्याबरोबर नेमकं झालं तरी काय? माहीत असेल तर आम्ही नीट वागू. मॅडमनी फाईल उघडली नाही. कशाने तो बिथरतो आणि कशाने शांत होतो, हे प्रत्येकाला सांगितलं. का बिथरतो, हे फक्त समुपदेशक आणि परिविक्षा अधिकाऱ्यांकडे राहिलं. टीमला हा अविश्वास वाटला. मला हा निर्णय योग्य वाटतो. मुलाची गोष्ट एकदा कर्मचाऱ्यांच्या तोंडी गेली की आठवड्याभरात ती शाळेत पोचते, आणि मुलाला आयुष्यभर तीच ओळख चिकटते.

अर्धवट राहिली ती समुपदेशकाची भूमिका. तिने आठवड्यातल्या दोन संध्याकाळी झोपायच्या वेळी शयनकक्षात बसावं आणि महिन्यातून एकदा काळजीवाहकांशी त्यांच्याबद्दल बोलावं, असं ठरलं. संध्याकाळी बसणं तिने मनापासून केलं. काळजीवाहकांची बैठक मात्र दोनदा झाली आणि बंद पडली. ज्या बैठकीत अधीक्षकाच्या हाताखालची व्यक्ती बोलायला लावते, तिथे कुणी मोकळं होत नाही. बाहेरचं माणूस हवं, आणि त्यासाठी पैशांची तरतूद कुठल्याच शीर्षाखाली नाही. बेंगळुरूच्या निम्हान्स या मानसिक आरोग्याच्या राष्ट्रीय संस्थेतून बाल संरक्षणातल्या लोकांसाठी चालणारा ‘संवाद’ उपक्रम आहे, ऑनलाइन प्रशिक्षणं होतात. परिविक्षा अधिकाऱ्यांनी काही केली. रात्री ड्युटी करून दिवसा झोपणाऱ्या माणसासाठी ती वेळ जमत नाही.

काकांचं पुढे काय झालं, हे विचारलं जातं. समितीने त्यांचा, मुलाचा आणि इतर मुलांचा जबाब घेतला. काका मुलांमध्ये परत आले नाहीत. त्याच संस्थेच्या दुसऱ्या विभागात भांडाराचं काम करतात. बाकीच्या टीमला हे जड गेलं, कारण सातही रात्री एकट्याने काढणाऱ्या माणसाला शिक्षा आणि पद रिकामं ठेवणाऱ्या व्यवस्थेला काही नाही, असं त्यांना दिसलं. त्यात तथ्य आहे. मॅडमनी समितीला दिलेल्या अहवालात ड्युटी चार्टची प्रत जोडली होती, काकांच्या बचावासाठी नव्हे, तर मंजूर पद न भरल्याचा परिणाम काय होतो ते नोंदीवर यावं म्हणून. असा कागद स्वतःच्या वरिष्ठांविरुद्ध जातो आणि फार थोडे अधीक्षक तो जोडतात.

मुलाची आजी गावाकडे आहे आणि तिला तो हवा आहे. परिविक्षा अधिकारी तिच्या घरी जाऊन आले. मूल कुटुंबातच सांभाळता यावं म्हणून राज्याच्या बालसंगोपन योजनेत महिन्याला २,२५० रुपये मिळतात, केंद्राच्या मिशन वात्सल्य योजनेतल्या प्रायोजकत्वात ४,०००; दोन्हींपैकी एक मिळालं तर आजीला जमण्यासारखं आहे. प्रश्न हंगामाचा आहे. दिवाळीनंतर वस्ती रिकामी होते, आजीसकट म्हातारी-कोतारी आणि लहान पोरं मागे राहतात, आणि उचल (आगाऊ घेतलेली मजुरी) फेडायला मुकादम, म्हणजे मजुरांचा ठेकेदार, अकरा वर्षांच्या पोरालाही मोजतो. समितीने अजून आदेश दिलेला नाही. मुलाला हे सगळं सांगितलं जातं, तारीख लांबली की तेही.

मॅडमची बदली होणार हे आता ठरलं आहे. जाण्यापूर्वी त्यांनी उठवण्याची रीत, संध्याकाळच्या अंघोळी, डबे, बादली आणि पाळीबदलाची पंधरा मिनिटं हे सगळं बालगृहाच्या व्यवस्थापन समितीच्या बैठकीत मांडून इतिवृत्तात नोंदवून घेतलं, म्हणजे पुढच्या अधीक्षकाला ते बदलायचं असेल तर बैठकीत कारण सांगून बदलावं लागेल. रात्रीचं दुसरं पद अजून रिकामं आहे. त्याचं स्मरणपत्र दर महिन्याला जातं.